चंचल लेकरू : अमानत, औषध आणि आधार

पवित्र कुरआनने संपत्ती आणि संतती या दोहोंना परीक्षा म्हटले आहे (सूरह अल्-अन्फाल, आयत २८). या आयतीचा अर्थ आपण बहुधा एकाच अंगाने ऐकत आलो आहोत. मुलाबाळांच्या मोहापायी हराम कमाईकडे वळू नये, त्यांच्या लाडात नमाज विसरू नये. हा अर्थ खराच आहे. परंतु परीक्षेला दुसरेही अंग आहे. प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी मिळत नाही. एखाद्या घरी असे मूल जन्माला येते जे एका हाकेत येते आणि एका खुणेत समजते. दुसऱ्या घरी असे मूल येते जे ताटावर पाच मिनिटे टिकत नाही, वहीतली ओळ अर्धी सोडून उठते, समोरच्याचे बोलणे संपण्याआधी उत्तर देते, डबा, छत्री, चप्पल रोज कुठेतरी विसरून येते, आणि ज्याच्याविषयी शाळेतून दर आठवड्याला चिठ्ठी येते.

अशा मुलांपैकी काहींच्या बाबतीत डॉक्टर एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, असे निदान करतात. जगभरात साधारणतः शंभरातील पाच मुलांमध्ये ही अवस्था आढळते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात असे एक-दोन विद्यार्थी असतातच, आणि आपल्या मकतबच्या चटईवरही ते असतात. निदान झाल्यावर घरात जे प्रश्न उभे राहतात, ते वैद्यकाचे असतात तितकेच धर्माचेही असतात. गोळी द्यावी का? शाळेला सांगावे का? नातलग काय म्हणतील? आणि सर्वांत खोलवरचा प्रश्न हा की, औषधाकडे वळलो म्हणजे अल्लाहवरील भरवसा उणा पडला असे तर नाही ना? या प्रश्नांची उत्तरे कुरआन आणि प्रेषितचरित्राच्या प्रकाशात शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

दोष कुणाचा?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. खोडकरपणा म्हणजे एडीएचडी नव्हे. मूल बालसुलभ चंचल असणे ही अल्लाहनेच घातलेली प्रकृती आहे. ही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीपासून दिसत असतील, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली असतील, केवळ घरी किंवा केवळ शाळेत नव्हे तर एकाहून अधिक ठिकाणी आढळत असतील, आणि त्यांमुळे मुलाचे शिकणे व माणसांत मिसळणे खरोखर अडत असेल, तेव्हाच जाणकार डॉक्टर हे निदान करतात. रक्ताच्या तपासणीने ते होत नाही. पालक आणि शिक्षक या दोघांकडून माहिती घेऊन, मुलाचे निरीक्षण करून आणि ऐकणे, दिसणे, झोप यांतील अडचणी वगळून ते केले जाते. शेजारणीच्या सांगण्यावरून किंवा मोबाइलवरील एखाद्या चित्रफितीवरून ते होत नाही.

संस्कारांच्या उणिवेने ही अवस्था उद्भवत नाही. आनुवंशिकतेचा तिच्यात मोठा वाटा आहे. अनेकदा मुलाचे निदान होते तेव्हा वडिलांना आपले बालपण आठवते आणि आजी सांगते की, हाही अगदी असाच होता. मेंदूतील ज्या व्यवस्थेमुळे माणूस स्वतःला आवरतो, काम मनात धरून ठेवतो आणि थोडे थांबून मग कृती करतो, ती व्यवस्था या मुलांत वेगळ्या गतीने काम करते. मुलाला कळते, पण वळत नाही, आणि ते न वळणे हा हट्ट नसतो.

असे असताना आपल्या समाजात पहिले बोट कुणाकडे वळते? आईकडे. तिने लाडावले, तिने गरोदरपणात काळजी घेतली नाही, तिचे दूध नीट नव्हते, तिच्या माहेरी असेच आहे. दिवसभर ज्या मुलामागे ती धावते, त्याच मुलावरून रात्री तिलाच बोलणी खावी लागतात. सूरह अल्-हुजुरातच्या बाराव्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना पुष्कळशा तर्क-कुतर्कांपासून दूर राहण्याची आज्ञा दिली आहे, कारण काही तर्क पाप ठरतात. ज्याचे ज्ञान नाही त्याबद्दल एका आईवर ठपका ठेवणे हे त्या पापापासून कितीसे दूर आहे, याचा विचार सासू-सासऱ्यांनी, दिरांनी आणि सर्वांत आधी पतीने करावा. सूरह अन्-नूरमध्ये (आयत ६१) आंधळा, लंगडा आणि आजारी यांच्यावर दोष नाही असे अल्लाहने सांगितले आहे. ज्याला अल्लाहने दोषमुक्त केले, त्याला आपण दोषी ठरवणारे कोण?

मदीनेतील एक मुलगा

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले, तेव्हा हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी आपला सुमारे दहा वर्षांचा मुलगा त्यांच्या सेवेत दिला आणि त्याच्यासाठी दुआ मागितली. ते हजरत अनस (रजि.). सहीह मुस्लिममध्ये त्यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना एका कामासाठी पाठवले. तोंडाने ते नाही म्हणाले, मनात मात्र जायचे होते. घरातून निघाले, वाटेत बाजारात मुले खेळत होती, आणि ते तिथेच रेंगाळले. काही वेळाने मागून कुणीतरी त्यांची मान धरली. वळून पाहतात तो प्रेषित (स.) उभे, आणि चेहऱ्यावर हसू. त्यांनी अनसना लाडाने उनैस म्हणून हाक मारली आणि सांगितलेल्या ठिकाणी जाऊन आलास का, एवढेच विचारले. मुलगा म्हणाला की, हो, निघालोच. गोष्ट तिथे संपली.

हजरत अनस (रजि.) यांना कोणताही विकार होता असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. हेतू प्रेषितांच्या (स.) वर्तनाकडे लक्ष वेधण्याचा आहे. काम राहिले होते, मूल खेळात अडकले होते, आधी तोंडाने नकारही दिला होता. आपल्यापैकी किती जणांचा हात अशा वेळी थांबला असता? प्रेषितांनी (स.) तीन गोष्टी केल्या. ते स्वतः चालत मुलापर्यंत गेले. त्यांनी त्याला स्पर्श करून त्याचे लक्ष वेधले. आणि एका छोट्या प्रश्नाने त्याला कामाची आठवण करून दिली. आज बालमानसतज्ज्ञ अशा मुलांच्या पालकांना जे शिकवतात, ते नेमके हेच आहे : दुसऱ्या खोलीतून ओरडू नका, जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा.

हजरत अनस (रजि.) पुढे सांगत की, दहा वर्षांच्या सेवेत प्रेषितांनी (स.) त्यांना कधी उफ् म्हटले नाही, हे का केलेस आणि ते का केले नाहीस असे कधी विचारले नाही. ज्या मुलाला असे वागवले गेले, त्यानेच पुढे दोन हजारांहून अधिक हदीस उम्मतपर्यंत पोचवल्या. प्रेमाने वळवलेले मूल काय पेलू शकते, याचा हा पुरावा आपल्या धर्मग्रंथांच्या पानापानांवर आहे.

मूसांनी (अ.) मागितलेला आधार

अनेक पालक निदान शाळेपासून लपवतात. नाव लागेल, मुलगी असेल तर पुढे लग्नाला अडचण येईल, बाई त्याला मागे टाकतील, अशी भीती असते. ही भीती निराधार नाही, पण तिच्यापुढे सूरह ताहाच्या पंचविसाव्या आयतीपासूनचा भाग ठेवून पाहावा. फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा हजरत मूसा (अ.) यांनी आपली अडचण लपवली नाही. माझी छाती विशाल कर, माझे काम सोपे कर, माझ्या जिभेची गाठ सोडव म्हणजे लोकांना माझे बोलणे कळेल, अशी प्रार्थना त्यांनी केली. आणि तेवढ्यावर न थांबता आपल्याच घरातील एक सहायक मागितला : भाऊ हारून, ज्याच्यामुळे पाठीला बळ मिळेल. अल्लाहने त्यांना श्रद्धेच्या उणिवेबद्दल टोकले नाही. मागितले ते दिले गेले, असे उत्तर आले.

ज्या प्रेषितांशी अल्लाहने संभाषण केले, त्यांनी आपली अडचण नाव घेऊन सांगितली आणि नेमका आधार मागितला. मग आठ वर्षांच्या मुलासाठी आधार मागण्यात कसली लाज? शाळेतील साहाय्य योजना म्हणजे त्या मुलाचा हारूनच.

ही योजना फार गहन नसते. ती एका कागदावर मावते. मुलाला पहिल्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर, शांत विद्यार्थ्याशेजारी बसवावे. सूचना छोटी द्यावी आणि ती त्याच्याकडून वदवून घ्यावी. दहा गणितांऐवजी पाच द्यावीत, ती झाली की उरलेली पाच द्यावीत. मध्ये फळा पुसणे, वह्या वाटणे अशी हालचालीची कामे त्याच्याकडे सोपवावीत. गृहपाठाची एक वेगळी वही असावी, तिच्यावर शिक्षक आणि पालक दोघांची रोज सही व्हावी. चांगले केलेले त्याच क्षणी सांगावे, महिन्याच्या शेवटी नव्हे. उत्तरपत्रिकेसाठी थोडा अधिक वेळ द्यावा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी शिक्षक व पालकांनी बसून काय लागू पडले आणि काय नाही ते पाहावे.

हे मागणे म्हणजे भीक नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ या कायद्याच्या सोळाव्या कलमाने दिव्यांग मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत एडीएचडी हे नाव स्वतंत्रपणे नाही, परंतु विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचन, लेखन किंवा गणितातील ही अक्षमताही असते. म्हणून निदानाच्या वेळी तिचीही तपासणी करून घ्यावी. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर आणि केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेतील सवलतींचा मार्ग मोकळा होतो. दहावीचे वर्ष उजाडेपर्यंत वाट पाहू नये.

शाळेत जाताना मात्र फिर्यादी होऊन जाऊ नये. सूरह अश्-शूरामध्ये (आयत ३८) श्रद्धावंतांचे व्यवहार परस्पर सल्लामसलतीने चालतात असे म्हटले आहे. पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंचेही कष्ट मोठे आहेत. आधी त्यांचे आभार मानावेत, मग डॉक्टरांचा कागद पुढे ठेवावा आणि आपण घरी काय करतो ते सांगून विचारावे की, वर्गात यातले काय जमेल? आणि शक्य असेल तर वडिलांनीही जावे. शाळेची प्रत्येक चिठ्ठी एकट्या आईने घ्यायची आणि निकालाच्या दिवशी मात्र वडिलांनी रागवायचे, हा न्याय नव्हे.

औषध आणि तवक्कुल

आता सर्वांत अवघड प्रश्न. अल्लाहने असा कोणताही आजार उतरवला नाही ज्याचा उपाय उतरवला नाही, ही हदीस सहीह बुखारीत आहे. उपचार करावेत का, असे काही खेडूत अरबांनी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) उपचार करा असेच सांगितले. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे उत्तर मिळाले. आपल्या पूर्वजांनी ही शिकवण केवळ शरीरापुरती ठेवली नाही. इसवी सन ९३४ मध्ये निधन पावलेले विद्वान अबू झैद अल्-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या स्वास्थ्यावर एकाच ग्रंथात लिहिले, कारण मनही आजारी पडते आणि त्यालाही उपाय लागतो, हे त्यांना मान्य होते.

सर्वच मुलांना औषध लागत नाही. सहा वर्षांखालील मुलांत पालकांना वर्तनाचे प्रशिक्षण देणे हाच पहिला उपाय असतो. त्याहून मोठ्या मुलांत त्रास अधिक असेल तर डॉक्टर औषध सुचवतात. मिथाइलफेनिडेट हे त्यांतील प्रमुख औषध. अॅटोमॉक्सेटिन हे वेगळ्या प्रकारचे दुसरे. मेंदूतील डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन या द्रव्यांचे कार्य सुधारून ती लक्ष टिकवायला मदत करतात. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, पोट किंवा डोके दुखणे असे त्रास काही मुलांना होतात. म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब वेळोवेळी तपासावे लागतात. औषध आपल्या मनाने सुरू करू नये, वाढवू नये आणि कुणाच्या बोलण्यावरून बंदही करू नये.

मिथाइलफेनिडेट आपल्या देशात शेड्यूल एक्स या कडक वर्गात आहे. चिठ्ठीची एक प्रत औषध दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते, आणि म्हणून ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. यावरून काही जण म्हणतात की ही नशेची गोळी आहे, मुलाला हराम चारू नका. याचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांच्या मिंबरवरील एका वचनात सापडते. बुद्धीला जे झाकून टाकते ते मद्य, अशी त्यांनी व्याख्या केली. तज्ज्ञाने ठरवलेल्या मात्रेत हे औषध बुद्धी झाकत नाही, विखुरलेले लक्ष एकत्र आणते. परंतु तीच गोळी निरोगी तरुणाने परीक्षेच्या रात्री जागण्यासाठी किंवा मौजेसाठी घेतली तर हुकूम वेगळा होईल. म्हणून गोळ्या कुलपात ठेवाव्यात, आणि भाऊ-मित्रांना वाटू नयेत. कॅप्सूलच्या आवरणाविषयी शंका असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारावा. शंकेपायी उपचारच सोडणे हा तकवा नव्हे.

एका पालकांनी जुम्याच्या नमाजनंतर विचारलेला प्रश्न मला मोलाचा वाटतो. ते म्हणाले, “मौलाना, गोळी घेऊन शांत बसणारा मुलगा खरेच सुधारला असे म्हणायचे का? चांगलेपणा त्याचा की गोळीचा?” याचा विचार असा करावा. दृष्टी अधू असलेला माणूस चष्मा लावून कुरआन वाचतो, तेव्हा पुण्य काचेला मिळत नाही. चष्म्याने अक्षर दिसते. वाचायचे की नाही, हा निश्चय वाचणाऱ्याचाच असतो. औषध मुलाला सच्चा, नम्र किंवा नमाजी बनवत नाही. ते फक्त त्याला थांबून विचार करण्याइतकी फुरसत देते. त्या फुरसतीत काय भरायचे ते संस्कारांनी ठरते, आणि ती जबाबदारी कोणतीही गोळी आपल्याकडून काढून घेत नाही.

रमजानविषयीही पालक विचारतात. वयात येण्यापूर्वी मुलावर रोजा फर्ज नाही. वयात आलेल्या मुलाच्या बाबतीत, सहरीच्या वेळी घेता येईल अशी दिवसभर पुरणारी मात्रा शक्य आहे का, हे रमजान सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. ते शक्य नसेल आणि औषधाविना खरेच हानी होणार असेल, तर आजाऱ्याला दिलेली सवलत सूरह अल्-बकरामध्ये (आयत १८४ आणि १८५) आहेच. आपल्या मुलाचा नेमका मसला स्थानिक आलिमांना सांगून ठरवावा.

दुआ आणि औषध यांत भांडण नाही. प्रेषित (स.) हजरत हसन व हुसैन (रजि.) यांच्यासाठी अल्लाहचा आश्रय मागत असत. आपणही रोज रात्री मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दुआ करावी. मात्र जिन्नाचा असर आहे म्हणून मुलाला बांधणारा, मारणारा, धूर देणारा आणि वर पैसे घेणारा बाबा हा उपचार नव्हे, जुलूम आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

मकतबच्या उस्तादांना आणि मशिदीच्या ज्येष्ठांना

सात वर्षांच्या मुलाला नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी शिस्त लावा, या अर्थाची हदीस सर्वांना पाठ आहे. तिचा दुसरा भाग छडीसकट लक्षात राहतो, पहिल्याचा हिशेब कुणी करत नाही. सात ते दहा ही तीन वर्षे, दिवसाला पाच नमाजा, म्हणजे पाच हजारांहून अधिक वेळा प्रेमाने बोलावणे. ज्याने पाच हजार वेळा हळुवार हाक मारली नाही, त्याने छडीची भाषा करू नये. शिवाय प्रेषितांनी (स.) आपल्या हाताने कधी स्त्रीला किंवा सेवकाला मारले नाही, असे हजरत आयेशा (रजि.) सांगतात. ज्या मुलाचा मेंदूच त्याला बसू देत नाही, त्याला बसत नाही म्हणून मारणे हे पांगळ्याला धावत नाही म्हणून मारण्यासारखे आहे. अशा मुलाला सबक अर्ध्या पानाचा द्यावा, उभे राहून किंवा फेऱ्या घालत पाठ करू द्यावा, आणि दहा मिनिटांनी पाणी आणायला पाठवावे. हिफ्जची घाई करू नये.

आणि ज्येष्ठांनी सफेत हललेल्या मुलाला मागे ढकलण्यापूर्वी आठवावे की, नातू पाठीवर चढला म्हणून प्रेषितांनी (स.) सजदा लांबवला होता. मुलाचे मन भरण्यापूर्वी त्याला उतरवणे त्यांना आवडले नाही. ज्या मुलाला शाळेतून बाहेर काढले, मैदानातून बाहेर काढले, त्याला मशिदीतूनही बाहेर काढले, तर तो जाईल कुठे?

घरातील न्याय आणि जिभेचा संयम

अशा घरात भावंडे मूकपणे मागे पडतात. शांत मुलीकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण ती त्रास देत नाही. मुलांमध्ये न्याय करा, ही प्रेषितांची (स.) आज्ञा हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या प्रसंगात आहे. आठवड्यातून एक तास तरी त्या मुलीचा असावा.

आणि शेवटची गोष्ट जिभेची. थकलेले आई-बाप रागाच्या भरात बोलून जातात : मर एकदाचा, तुझे वाटोळे होवो. प्रेषितांनी (स.) स्वतःच्या संततीला शाप देण्यास मनाई केली आहे, कारण ती घटका स्वीकाराची असू शकते. जी जीभ शापासाठी उघडते, तीच दुआसाठी उघडली तर किती फरक पडेल! थकवा असह्य झाला तर वुजू करावा, मुलाला घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ सोपवून थोडा वेळ बाजूला बसावे. आईला विसावा देणे हे उपकाराचे काम नाही, घरातील प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

बंधू-भगिनींनो, अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही. हे मुलालाही लागू आहे. त्याच्या कुवतीपलीकडचे त्याच्याकडून मागण्याचा हक्क आपल्यालाही नाही. कयामतच्या दिवशी मुलाच्या गुणपत्रिकेतील टक्के आपल्याला विचारले जाणार नाहीत. आपण प्रत्येक जण राखणदार आहोत, आणि राखणीविषयीच विचारणा होईल. जे मूल सोपवले होते, त्याला ओळखलेस का? त्याच्यासाठी दार ठोठावलेस का? की लोकलाजेखातर त्याला आधाराविना सोडलेस?

हे आमच्या पालनकर्त्या, आमच्या लेकरांना आमच्या डोळ्यांचा थंडावा कर. ज्यांचे मन स्थिर राहत नाही त्यांना स्थैर्य दे. त्यांच्या आयांच्या थकल्या पाठीला बळ दे. त्यांच्या वडिलांना संयम, शिक्षकांना करुणा आणि वैद्यांना सूज्ञता दे. आमच्या दारी आलेल्या प्रत्येक चंचल मुलासाठी एक हारून उभा कर, आणि तो हारून होण्याची सद्बुद्धी आम्हालाच दे. आमीन.